युक्रेनमध्ये बॉम्बहल्ल्यात मोडलेलं घर सरकारी पैशातून दुरुस्त कसं करून घ्यायचं

२०२४ संपेपर्यंत युक्रेनमधल्या एकूण घरांपैकी १३ टक्के घरं युद्धात मोडली किंवा जमीनदोस्त झाली होती. जागतिक बँक, संयुक्त राष्ट्रं, युरोपियन आयोग आणि युक्रेन सरकार यांनी मिळून फेब्रुवारी २०२५ मध्ये काढलेल्या पाहणीतला हा आकडा. २५ लाखांहून जास्त कुटुंबांना त्याची झळ बसली. पण यातली पुष्कळ घरं उभी आहेत. शेजारच्या इमारतीवर क्षेपणास्त्र पडलं आणि इकडच्या सगळ्या काचा गेल्या, छपराचे पत्रे उडाले, प्लास्टर सुटलं, असा प्रकार. अशा घरांच्या दुरुस्तीसाठी मे २०२३ पासून तिथे सरकारी योजना चालू आहे. तिचं नाव ‘येविद्नोव्लेन्या’. अर्ज ‘दीया’ नावाच्या सरकारी ॲपवरून करायचा.

मराठीत हे लिहायचं कारण साधं आहे. खार्किव, विनित्सिया, द्निप्रो इथे वैद्यकीय शिकून आलेली आपल्याकडची बरीच मुलं आहेत. त्यांचे तिथले घरमालक, शिक्षक, मित्र आजही संपर्कात असतात आणि त्यातल्या कुणाचं तरी घर फुटलेलं असतं. वय झालेल्या माणसाला ॲप, नोंदणी, नुकसान बघायला येणारं कमिशन (पाहणी समिती) हे सगळं एका वेळी झेपत नाही. फोनवर त्याच्याशी बोलताना एकेक पायरी समोर असावी, या हिशेबानं पुढचं सगळं घरमालकालाच उद्देशून लिहिलं आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. या योजनेत अर्ज अडतात ते बहुतेक कागदापायी. पडझड किती झाली हा प्रश्न नंतरचा. घर कुणाच्या नावावर आहे आणि दुरुस्तीआधी ते कसं दिसत होतं, हे दोन प्रश्न आधीचे. त्यामुळे कामांचा क्रम चुकवू नका.

झाडू हातात घेण्याआधी

हल्ला झाल्यावर पहिला फोन १०१ वर, म्हणजे आपत्कालीन सेवेला. घरात, अंगणात, गच्चीवर न फुटलेला बॉम्ब किंवा त्याचा तुकडा दिसला तर त्याला हात लावायचा नाही, त्याच्याजवळ फोटोसाठीही जायचं नाही. ते लोक येऊन जागा मोकळी आहे असं सांगेपर्यंत बाहेर थांबा. दुसरा फोन १०२ वर, पोलिसांना. नागरी वस्तीवरचा हल्ला हा तिथल्या फौजदारी कायद्याच्या कलम ४३८ खाली, म्हणजे युद्धाचे नियम मोडल्याचा गुन्हा म्हणून नोंदवला जातो. या नोंदीचा उतारा मागून घ्या आणि जपून ठेवा. दुरुस्तीच्या पैशासाठी तो प्रत्येक वेळी मागतातच असं नाही, पण नुकसान युद्धामुळेच झालं हे दाखवायला त्याच्याइतका भक्कम कागद दुसरा नाही. पुढे आंतरराष्ट्रीय दाव्यातही तो कामाला येतो.

मग फोटो. लोक सगळ्यात भयंकर दिसणाऱ्या कोपऱ्याचे पाच-पंचवीस फोटो काढतात आणि बाकीचं घर राहून जातं. त्यापेक्षा शिस्तीनं काढा. आधी बाहेरून, घर क्रमांकाची पाटी आणि नुकसान एकाच चौकटीत येईल असा एक. मग प्रत्येक खोलीचे चारही कोपऱ्यांतून. मग प्रत्येक फुटलेली खिडकी वेगळी, मोजपट्टी लावून. छताचा डाग, भिंतीचा तडा, उखडलेला दरवाजा, फुटलेला रेडिएटर, सुटलेल्या तारा हे जवळून. एक सलग व्हिडिओ, दारातून आत शिरून सगळ्या खोल्यांतून फिरणारा. मूळ फाइल फोनमध्येच न ठेवता दुसरीकडेही ठेवा. मेसेजवरून पाठवलेल्या फोटोतली तारीख आणि जागेची माहिती बहुधा निघून जाते.

एवढं झालं की घर बंद करा. छपरावर ताडपत्री, खिडक्यांना जाड प्लास्टिक किंवा लाकडाच्या कपच्या दाबून केलेल्या पाट्या, ज्यांना तिथे सगळे ‘ओएसबी’ म्हणतात. ही तात्पुरती डागडुजी करायला कुणाची हरकत नसते. बरेचदा पालिका किंवा मदत संस्था हे सामान फुकट देतात. संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था असे संच वाटते. हिवाळ्याच्या तोंडावर असाल तर नळांतलं आणि हीटिंगच्या पाइपांतलं पाणी काढून टाका. नाहीतर गोठलेलं पाणी पाइप फोडतं आणि मग हा पाइप स्फोटानं फुटला की थंडीनं, यावर वाद घालत बसावं लागतं.

नवं प्लास्टर, नव्या खिडक्या, रंग मात्र थांबवा. निदान कमिशन बघून जाईपर्यंत.

घर कागदावर कुणाचं आहे

युक्रेनमध्ये स्थावर मालमत्तेच्या हक्कांची सरकारी इलेक्ट्रॉनिक नोंदवही १ जानेवारी २०१३ पासून चालू आहे. त्यानंतर घेतलेलं घर बहुधा तिच्यात असतंच. त्याआधीचे व्यवहार ‘बेतेई’ नावाच्या मोजणी कार्यालयांच्या जाड कागदी वह्यांत आहेत. नव्वदच्या दशकात खासगीकरणात, म्हणजे सरकारी फ्लॅट राहणाऱ्यांच्या नावावर झाले तेव्हा, मिळालेला फ्लॅट, ही तिथली सर्वांत नेहमीची गोष्ट. तो पूर्णपणे कायदेशीर असतो, पण इलेक्ट्रॉनिक नोंदवहीत दिसत नाही, आणि दीया ॲप फक्त तीच नोंदवही वाचतं.

म्हणून पहिली पायरी ही: ॲपमध्ये किंवा प्रशासकीय सेवा केंद्रात आपलं घर नोंदवहीत दिसतंय का ते बघा. नसेल तर मूळ कागद घेऊन सेवा केंद्रातल्या सरकारी निबंधकाकडे किंवा नोटरीकडे जा आणि नोंद चढवून घ्या. मूळ कागद जळाले असतील तर बेतेईच्या दप्तरातून नक्कल निघते. बेतेईचं दप्तरच जळालं असेल तर नोटरीकडची प्रत, करार, जुनी बिलं, शेवटी न्यायालय, असा लांबचा रस्ता.

खेड्यातल्या घरांचं वेगळं आहे. ५ ऑगस्ट १९९२ पूर्वी बांधलेल्या घराला बांधकाम पूर्णत्वाचा दाखला लागत नाही. तांत्रिक मोजणी आणि ग्रामपरिषदेच्या कुटुंब-नोंदवहीतल्या उताऱ्यावर हक्क नोंदवता येतो. आजीनं १९७० च्या सुमारास बांधलेलं, कुणी कधी कुठे नोंदवलंच नाही असं घर याच वाटेनं कागदावर येतं. त्यानंतर परवानगीशिवाय वाढवलेली खोली मात्र अडचणीची. ती नोंदीत नसेल तर तिच्या दुरुस्तीचे पैसे धरले जातील अशी आशा ठेवू नका.

आणखी दोन गोष्टी इथेच तपासा. मालक वारला असेल तर वारसांनी आधी नोटरीकडे वारसा हक्काचं प्रकरण उघडायचं. वारसा स्वीकारायला सर्वसाधारण मुदत सहा महिन्यांची असते, आणि ती निघून गेली की न्यायालय. सहमालक असतील तर त्यांची संमती लागते. एक भाऊ पोलंडमध्ये, दुसरी बहीण कॅनडात असं आता घरोघरी झालंय, तेव्हा संमतीचं काम पहिल्याच आठवड्यात सुरू करा. कमिशन येऊन गेल्यावर नव्हे.

हक्क कुणाला? युक्रेनच्या नागरिकाला, घराचा मालक म्हणून. भाडेकरूला नाही. निर्बंध लागलेल्या किंवा राष्ट्रीय सुरक्षेविरुद्धच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्या माणसाला नाही. नुकसान २४ फेब्रुवारी २०२२ किंवा त्यानंतरचं हवं.

कळवणं वेगळं, मागणं वेगळं

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. दीयामध्ये दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. एक म्हणजे नुकसानीची सूचना: घर कुठे आहे, कधी आणि काय झालं. ही सोय २०२२ च्या वसंतापासूनच आहे, योजनेच्याही आधीपासून. सूचना दिली की पैसे मागितले असं होत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे भरपाईचा अर्ज, आणि तो सूचना दिल्यानंतर वेगळा करावा लागतो. २०२२ मध्ये सूचना देऊन ‘आमचं नाव यादीत आहे’ म्हणून वाट बघत बसलेल्या माणसाला हे कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं. अर्ज केल्याशिवाय कुणी दारात येणार नाही.

दोन्हींच्या मध्ये एक छोटं काम: बँकेत ‘येविद्नोव्लेन्या’चं खास खातं उघडायचं. ओश्चादबँक, प्रिवातबँक यांसारख्या योजनेतल्या बँकांच्या ॲपमध्ये ते मिनिटांत होतं. साधं चालू कार्ड याला चालत नाही.

स्मार्टफोन नसेल तर प्रशासकीय सेवा केंद्रात किंवा नोटरीकडे कागदावरही सूचना आणि अर्ज देता येतात. सत्तरीच्या पुढच्या माणसाला मी तरी हाच रस्ता सुचवेन. केंद्रातला कारकून नोंदवहीतला पत्ता आणि अर्जातला पत्ता जुळतोय का ते समोर बघतो. रस्त्यांची नावं बदलल्यामुळे ही जुळणी हमखास फसते: सोव्हिएत काळातलं नाव कागदावर, नवं नाव पाटीवर.

मुदतीची घाई कायद्यानं केलेली नाही. मार्शल लॉ चालू असेपर्यंत आणि तो उठल्यावर वर्षभर अर्ज घेतले जातात. पण प्लास्टिक लावलेल्या खिडकीमागे कितीही हिवाळे काढता येतात असा त्याचा अर्थ नाही, आणि नुकसान जितकं जुनं तितकं ते युद्धाचंच हे दाखवणं कठीण.

कमिशन येतं तो दिवस

अर्ज गेला की तो स्थानिक परिषदेनं नेमलेल्या कमिशनकडे जातो. त्यात पालिकेची माणसं, बांधकामाची जाण असलेला कुणीतरी, असे लोक असतात. निर्णयाला साधारण ३० दिवस धरले आहेत. लढाईच्या जवळच्या भागात पाहणीच शक्य नसेल तर हे घड्याळ थांबतं.

पैसे किती मिळणार ते याच एका भेटीत ठरतं, त्यामुळे तिची तयारी करा. कमिशन घराची किंमत काढत नाही. मालकानं दाखवलेली बिलंही ते बघत बसत नाही. त्यांच्या हातात एक तक्ता असतो: खिडक्या इतके चौरस मीटर, छपराचं आच्छादन इतकं, प्लास्टर इतकं, दारं इतकी. प्रत्येक ओळीत मोजमाप भरलं जातं आणि त्याला सरकारनं ठरवलेल्या सरासरी दरानं गुणून रक्कम निघते. तक्त्यात जी ओळ भरली गेली नाही तिचे पैसे येत नाहीत. म्हणून ते यायच्या आदल्या दिवशी स्वतः मोजा.

समजा, पॅनेलच्या, म्हणजे काँक्रीटचे तयार फलक जोडून बांधलेल्या इमारतीतली खोली आहे, ५ मीटर लांब, ३ मीटर रुंद, उंची अडीच मीटर. चारी भिंतींचा घेर १६ मीटर, म्हणजे भिंतींचं क्षेत्र ४० चौरस मीटर. त्यातून दीड मीटर बाय १.४ मीटरची खिडकी, म्हणजे २.१, आणि दाराचं १.६ वजा केलं की ३६.३ राहतात. छत आणि जमीन प्रत्येकी १५. आता पाहणाऱ्यानं घाईत ‘खिडकीची भिंत, प्लास्टर’ एवढंच लिहिलं, तर कागदावर साडेपाच चौरस मीटरही येत नाहीत. समोरच्या भिंतीचं प्लास्टर दिसायला शाबूत असतं, पण बोटाच्या पेरानं ठोकलं की पोकळ वाजतं. स्फोटाच्या दाबानं ते भिंतीपासून सुटलेलं असतं आणि पुढच्या हिवाळ्यात खाली येणार. ते ठोकून दाखवा. खडूनं त्याची हद्द आखून ठेवा.

असंच खिडकीच्या चौकटीचं. काच शाबूत, पण चौकट भिंतीतून बोटभर बाहेर आलेली, झडप नीट लागत नाही. नुसती काच बदलणं आणि पूर्ण खिडकी बसवणं यांत मोठा फरक पडतो. बाल्कनीचं दार, छपराखालची लाकडं, माळ्यावरची उष्णतारोधक दुलई, विजेच्या तारा, बॉयलर हे सगळं स्वतःहून दाखवा. कमिशन माळ्यावर चढायला तयार नसेल तर मोजपट्टीसह काढलेले फोटो समोर ठेवा.

फर्निचर, फ्रिज, टीव्ही, कपडे यांचे पैसे या योजनेत नाहीत. गॅरेज, शेड, कुंपण, गुरांचा गोठा हेही नाही. ते दाखवत बसलात तर कमिशनचा वेळ जातो आणि माळा राहून जातो.

पाहणी झाल्यावर अहवालाची प्रत वाचा, शक्य असेल तर त्याच दिवशी. गाळलेली ओळ त्या दिवशी घालून घेणं आणि महिनाभरानं घालून घेणं यांत फार फरक आहे.

दुरुस्ती की नवं घर

मोडलेल्या घरांच्या तिथे तीन श्रेणी आहेत. पहिली, वरवरची मोडतोड: काचा, दारं, आच्छादन. दुसरी, भार पेलणाऱ्या भागांनाही इजा, पण घर सावरता येतं. तिसरी, सावरण्यापलीकडचं, ते कायद्याच्या भाषेत ‘नष्ट झालेलं’ घर. पहिल्या दोनांना दुरुस्तीचे पैसे. तिसऱ्याला वेगळी वाट: गृह-प्रमाणपत्र, ज्यातून देशात कुठेही दुसरं घर विकत घेता येतं, किंवा स्वतःच्या जमिनीवर नव्यानं बांधायला पैसे.

हा फाटा नीट समजून घ्या, कारण रकमेतलं अंतर प्रचंड आहे. दुरुस्तीला वरची मर्यादा आहे. योजना सुरू झाली तेव्हा ती २ लाख ह्रिव्निया (युक्रेनचं चलन) होती. नंतर वाढून फ्लॅटसाठी साडेतीन लाख आणि स्वतंत्र घरासाठी ५ लाख झाली. ही फक्त कमाल मर्यादा, प्रत्यक्ष रक्कम तक्त्यातूनच निघते. प्रमाणपत्राची रक्कम मात्र घराच्या क्षेत्रावर ठरते आणि १५० चौरस मीटरपर्यंतचं क्षेत्र धरलं जातं.

भिंतीला आरपार तडा असेल, मजल्याची फळी सरकली असेल, पॅनेलचे सांधे उघडले असतील, तर कमिशनच्या नजरेवर विसंबू नका. परवानाधारक अभियंत्याकडून तांत्रिक तपासणी करून घ्यायचा आग्रह धरा. बहुमजली इमारतीत हे काम पालिकेनं किंवा इमारतीच्या संस्थेनं करून घ्यायचं असतं, एकट्या फ्लॅटमालकाचं ते काम नाही. खार्किवच्या साल्तिवका भागात किंवा कीवजवळच्या बोरोद्यांकामध्ये एकाच इमारतीचा एक भाग कोसळलेला आणि शेजारचा उभा, अशी दृश्यं २०२२ मध्ये सगळ्यांनी पाहिली. अशा उभ्या भागातला फ्लॅट नुसता बघून कोणत्या श्रेणीत टाकायचा हे सांगता येत नाही.

माझा सल्ला असा: घर दुसऱ्या आणि तिसऱ्या श्रेणीच्या सीमेवर असेल तर तपासणीचा अहवाल हाती येईपर्यंत दुरुस्तीचा अर्ज पुढे रेटू नका आणि स्वतःच्या पैशानं भिंत उभारायला तर मुळीच घेऊ नका. सावरलेलं घर नंतर ‘नष्ट’ ठरवून घेता येत नाही. उलट, प्रमाणपत्राची वाटही फुकटची नाही: नुकसानभरपाई मागण्याचा रशियाविरुद्धचा हक्क तेवढ्या रकमेपुरता राज्याकडे सोपवावा लागतो, आणि त्या पैशातून घेतलेलं घर पाच वर्षं विकता येत नाही. गावातली जमीन, विहीर, बाग सोडून शहरातल्या फ्लॅटमध्ये जायचं का, हा निर्णय घरच्यांनी बसून घ्यावा. कमिशननं सुचवलं म्हणून नको.

पैसे आल्यावर

मंजूर रक्कम त्या खास खात्यात येते. ती रोख काढता येत नाही, दुसऱ्या खात्यावर पाठवता येत नाही. योजनेत नाव नोंदवलेल्या दुकानांतून बांधकामाचं सामान घ्यायचं आणि नोंदवलेल्या कंत्राटदारांना कामाचे पैसे द्यायचे, एवढेच दोन दरवाजे उघडे असतात. ओळखीचा चांगला गवंडी असेल पण त्याची नोंद नसेल, तर सामान कार्डावर आणि मजुरी खिशातून, असं करावं लागतं. लोकांची याच्यावर सगळ्यात जास्त चिडचिड होते, आणि ती रास्त आहे. पण निर्बंध नसते तर हाच पैसा कुठे गेला असता हेही सगळ्यांना माहीत आहे.

खर्चाचा क्रम: आधी छप्पर, मग खिडक्या-दारं, मग वीज आणि हीटिंग, आणि शेवटी आतलं प्लास्टर, रंग. रक्कम पुरणार नाही हे गृहीत धरा. तक्त्यातले सरासरी दर आणि पुनर्बांधणी जोरात चाललेल्या शहरातली मजुरी यांचा मेळ बसतोच असं नाही. खिडकीची ऑर्डर देण्याआधी दोन-तीन ठिकाणी दर विचारा, करार लेखी करा आणि करारात मोजमाप, काचेचे थर, बसवण्याची तारीख घाला. पूर्ण रक्कम आगाऊ देऊ नका. पावत्या, करार, काम झाल्याचे फोटो एकत्र ठेवा. पैसा सांगितलेल्या कामावर गेला नाही असं आढळलं तर परत मागितला जातो.

आधीच स्वतःच्या पैशानं दुरुस्ती करून बसलेल्यांसाठीही आता अर्जाचा वेगळा प्रकार आहे. तिथेही कमिशन येतं, पण मोडलेलं घर बघायला नाही, दुरुस्त झालेलं घर बघायला. म्हणून आधीचे फोटो इथे दुप्पट मोलाचे. मदत संस्थेनं फुकट बसवून दिलेल्या खिडक्या या अर्जात दाखवू नका. एका कामाचे दोनदा पैसे मिळत नाहीत.

इमारतीचं छप्पर कुणाचं?

फ्लॅटमालकाचा अर्ज फ्लॅटपुरता. जिना, गच्ची, बाहेरची भिंत, लिफ्ट, तळघरातले पाइप ही सामाईक मालमत्ता. तिच्यासाठी इमारतीच्या मालकांची संस्था, तिथे ‘ओएसबीबी’ म्हणतात ती, किंवा व्यवस्थापक किंवा गृहनिर्माण सहकारी संस्था अर्ज करते. पाचव्या मजल्यावरच्या माणसानं आपलं छत रंगवून घेतलं आणि गच्ची तशीच गळत राहिली, तर त्याचा रंग पहिल्याच पावसात जाणार. वरच्या मजल्यावर राहत असाल तर आपल्या अर्जाइतकाच संस्थेच्या अर्जाचा पाठपुरावा करा. संस्थाच नसेल तर पालिकेच्या गृहनिर्माण विभागाला लेखी पत्र द्या आणि पोच घ्या.

हा पैसा येतो कुठून

या पैशाचा एक झरा म्हणजे युक्रेनचा सशस्त्र आक्रमणाच्या परिणामांचं निवारण करणारा निधी, ज्यात जप्त केलेल्या रशियन मालमत्तेचा, विशेषतः रशियन सरकारी बँकांच्या युक्रेनमधल्या दोन उपकंपन्यांचा पैसा वळवला गेला. जागतिक बँकेचा घरदुरुस्तीचा प्रकल्प आणि युरोप परिषदेच्या विकास बँकेची कर्जं हा दुसरा. अर्जदाराला याच्याशी काय देणंघेणं? एवढंच की निधी हप्त्याहप्त्यानं येतो. मंजुरी मिळूनही पैसे लगेच दिसले नाहीत तर अर्ज फेटाळला गेला असं समजू नका.

अशी व्यवस्था नवी नाही. ब्रिटननं १९४१ मध्ये, बॉम्ब पडत असतानाच, युद्धनुकसान कायदा करून त्यासाठी आयोग नेमला. तिथेही हाच फाटा होता: सावरता येईल अशा घराला दुरुस्तीचा खर्च, न सावरणाऱ्याला किंमत. पैसा मात्र सगळ्या मालमत्ताधारकांकडून सक्तीची वर्गणी घेऊन उभा केला. पश्चिम जर्मनीनं १९५२ मध्ये त्याही पुढे जाऊन, ज्यांची संपत्ती वाचली त्यांच्याकडून तिच्या निम्म्या मूल्याइतकी वसुली ३० वर्षांच्या हप्त्यांत लावली. युक्रेननं हे ओझं शेजाऱ्यावर टाकलेलं नाही, आक्रमकावर टाकायचं ठरवलं आहे. त्यामुळेच तिथे आजचा पैसा मर्यादित आणि उरलेल्याचा हिशेब पुढे ढकललेला.

नकार आला तर

नकाराचं कारण लेखी मागा. नोंदवहीतला दोष, पत्त्याची विसंगती, सहमालकाची राहिलेली संमती ही कारणं असतील तर दुरुस्त करून पुन्हा अर्ज करता येतो, आणि भांडत बसण्यापेक्षा तेच लवकर होतं. मोजमापावर किंवा श्रेणीवर वाद असेल तर पुनर्तपासणीची मागणी करा, सोबत अभियंत्याचा अहवाल जोडा. त्यानंतरचा रस्ता प्रशासकीय न्यायालयाचा. मोफत कायदेशीर मदतीची सरकारी केंद्रं तिथे जवळपास प्रत्येक शहरात आहेत. वकील करण्याआधी तिथे जा.

उरलेल्या नुकसानीचं

दुरुस्तीचे पैसे मिळाले म्हणजे दावा संपला असं नाही. युरोप परिषदेच्या पुढाकारानं हेग शहरात नुकसानीची आंतरराष्ट्रीय नोंदवही उघडली आहे आणि २ एप्रिल २०२४ पासून घरांच्या नुकसानीचे दावे तिच्यात घेतले जातात. हाही अर्ज दीयामधूनच, वर सांगितलेल्या सूचनेच्या आधारावर. ही नोंदवही स्वतः पैसे देत नाही. दाव्यांचा निवाडा करण्यासाठी वेगळा आयोग उभा करायचा आहे. तरी अर्ज करा. सरकारी योजनेतून मिळालेली रक्कम तिथे प्रामाणिकपणे लिहा, कारण दोन्हीकडच्या नोंदी एकमेकींशी ताडून बघता येतात.

घर व्यापलेल्या भागात असेल तर कमिशन तिथे पोचू शकत नाही आणि दुरुस्तीचा अर्ज पुढे सरकत नाही. अशा वेळी करता येण्यासारखं एवढंच: सूचना द्या, मालकीची नोंद इलेक्ट्रॉनिक वहीत चढवून घ्या, शेजाऱ्यांकडून आलेले फोटो, उपग्रहचित्रं, जुने घरगुती फोटो तारखेसह एका जागी ठेवा. युद्धाआधीचा, पडदे लावलेल्या खिडकीसमोर काढलेला वाढदिवसाचा फोटोसुद्धा त्यात ठेवा. खिडकीला कोणती चौकट होती, ते त्यात दिसतं.